खेळाडूंची अदलाबदल, अफवा आणि समालोचक

इंडियन प्रीमियर लीग अर्थात आयपीएलमध्ये लिलावाविना एका संघाचा खेळाडू दुसऱ्या संघाकडे जाण्याच्या व्यवहारास ‘ट्रेड’ म्हणतात. मराठीत त्यासाठी अदलाबदल हा शब्द वापरला जातो. तो पुरता अचूक नाही. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू आला तर ती अदलाबदल. पुष्कळदा एक संघ केवळ पैसे मोजून खेळाडू घेतो आणि देणाऱ्या संघाच्या वाट्याला मैदानावर उतरणारे कोणीच येत नाही. समालोचकाने हा भेद स्पष्ट केला नाही, तर श्रोता बदल्यात आलेल्या खेळाडूचे नाव शोधत राहतो आणि कोणीतरी ते नाव पुरवतेच.

हे व्यवहार बाराही महिने होत नाहीत. हंगाम संपल्यानंतर त्यांची मुदत सुरू होते आणि लिलावाच्या एक आठवडा आधी ती थांबते. लिलाव झाल्यावर ती पुन्हा सुरू होते व नव्या हंगामाला एक महिना उरला की संपते. ताज्या लिलावात घेतलेला खेळाडू लगेच दुसरीकडे धाडता येत नाही. दोन्ही संघ, खुद्द खेळाडू आणि नियामक परिषद यांची संमती आवश्यक असते; खेळाडू परदेशी असल्यास त्याच्या मंडळाचे ना हरकत प्रमाणपत्रही लागते. खेळाडूचे मानधन घेणाऱ्या संघाला नेमून दिलेल्या एकूण रकमेतून वजा होते. मात्र दोन संघांनी आपसांत ठरवलेले हस्तांतर शुल्क त्या रकमेत धरले जात नाही, आणि ते जाहीरही केले जात नाही. अफवांचे मूळ या शेवटच्या तरतुदीत आहे. जो आकडा कधीच बाहेर येत नाही, त्याविषयी कोणीही काहीही सांगितले तरी ते खोटे ठरवणे अवघड असते.

पहिले व्यवहार २००९ च्या हंगामाआधी झाले. बंगळूरचा झहीर खान मुंबईकडे आणि मुंबईचा रॉबिन उथप्पा बंगळूरकडे गेला. आशिष नेहरा व शिखर धवन यांनीही मुंबई आणि दिल्ली या संघांत जागा बदलल्या. खेळाडूसाठी खेळाडू, असे ते सरळ हिशेब होते.

पुढच्याच वर्षी रवींद्र जडेजाचे प्रकरण घडले. राजस्थान रॉयल्सशी कराराचे नूतनीकरण न करता त्याने दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केली, असा ठपका ठेवून त्याला २०१० च्या संपूर्ण हंगामातून दूर ठेवण्यात आले. त्या वेळी तो एकवीस वर्षांचा होता. आपल्या बदलीविषयी आपण स्वतः बोलायचे नसते, ही गोष्ट साऱ्या खेळाडूंनी त्या शिक्षेतून ओळखली. खेळाडू गप्प, संघमालक गप्प, हस्तांतर शुल्क गुप्त. मग बोलणार कोण? ही रिकामी जागा समालोचकांनी, माजी खेळाडूंनी आणि क्रीडावाहिन्यांवरील चर्चकांनी भरून काढली.

त्याच जडेजाला नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नई सुपर किंग्सने राजस्थानकडे धाडले आणि संजू सॅमसनला आपल्याकडे घेतले. जडेजासोबत इंग्लंडचा सॅम करनही राजस्थानला गेला. घोषणेपूर्वी कित्येक दिवस या सौद्याची चर्चा चालली होती. तिच्यातील बहुतेक भाग निष्ठा, रुसवे आणि कर्णधारपद यांभोवती फिरत होता. खरा पेच बेरजेचा होता. सॅमसनचे मानधन १८ कोटी, जडेजाचेही १८ कोटी आणि करनचे २ कोटी ४० लाख. म्हणजे राजस्थानच्या खात्यातून १८ कोटींचा भार कमी होऊन २० कोटी ४० लाखांचा येणार होता. अखेर जडेजाचे मानधन १४ कोटींवर आणले गेले, तेव्हा ही बेरीज १६ कोटी ४० लाखांवर आली. शिवाय संघातील परदेशी खेळाडूंची संख्या आठच्या पुढे जाता येत नाही. करनसाठी राजस्थानला जागा मोकळी करावी लागली. २०२३ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारून चेन्नईला विजेतेपद मिळवून देणाऱ्या खेळाडूला निरोप देताना चाहत्यांचे डोळे पाणावले असतील. कागदावर मात्र चार कोटी इकडचे तिकडे होत होते. हे गणित ज्या समालोचकाने दोन मिनिटे थांबून मांडले, त्याने श्रोत्यांना तासभराच्या भावुक चर्चेपेक्षा अधिक दिले.

बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेट सांगत, त्या काळी समालोचकाचे काम अवघड असले तरी निर्मळ होते. समोर दिसणारे ते सांगत आणि श्रोता ते कानांनी पाहत असे. बदलीच्या हंगामातील समालोचकाला कोणीच न पाहिलेले सांगायचे असते. त्यासाठी मराठीने त्याच्या हाती काही सोयीचे शब्द दिले आहेत. ‘समजते’, ‘कळते’, ‘चर्चा आहे’ हे वृत्तपत्री शब्द. आणि बोलीतला सर्वांत पक्का ‘म्हणे’. ‘अमका म्हणे मुंबईला चालला’ या वाक्यात माहिती पोचते, जबाबदारी मात्र कोणाच्याच खांद्यावर राहत नाही. चांगला समालोचक हा शब्द वगळत नाही, कारण तो प्रामाणिकही आहे. पण त्यानंतर तो एक वाक्य अधिक बोलतो: नियमानुसार हे आज शक्य आहे की नाही.

२६ नोव्हेंबर २०२३ च्या संध्याकाळी या अधिकच्या वाक्याची नितांत गरज होती. हार्दिक पंड्या गुजरात टायटन्स सोडून मुंबईत परतणार, ही वार्ता दोन-तीन दिवस फिरत होती. खेळाडू राखून ठेवण्याची मुदत संपली आणि गुजरातने जाहीर केलेल्या यादीत हार्दिकचे नाव झळकले. अनेकांनी अफवा खोटी ठरल्याचे लगोलग सांगून टाकले. वास्तविक खेळाडू राखून ठेवण्याची मुदत त्या दिवशी संपली होती, अदलाबदलीची नव्हे. दुसऱ्या दिवशी १५ कोटींच्या मानधनावर हार्दिक मुंबईचा झाल्याचे जाहीर झाले. मुंबईचा कॅमेरून ग्रीन साडेसतरा कोटींना बंगळूरकडे गेल्यामुळे मुंबईच्या हाती लिलावासाठी पुन्हा रक्कम आली. दोन्ही व्यवहार निव्वळ पैशांचे होते, त्यांत अदलाबदल अशी नव्हतीच.

त्यानंतर १५ डिसेंबरला पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी हार्दिकला कर्णधार नेमण्यात आले आणि प्रकरणाने वेगळे वळण घेतले. २०२४ च्या हंगामात अहमदाबाद, हैदराबाद आणि मग घरच्या वानखेडेवरही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. १ एप्रिलला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी ध्वनिक्षेपक संजय मांजरेकर यांच्या हाती होता. त्यांनी हार्दिकसाठी टाळ्यांची मागणी केली. उत्तरादाखल गोंगाट वाढला, तेव्हा नीट वागण्याची समज त्यांनी प्रेक्षकांना दिली. मुंबईकर समालोचकाने मुंबईच्याच प्रेक्षकाला भर मैदानात दटावण्याचा तो प्रसंग पुष्कळांना रुचला नाही. पण मधल्या चार महिन्यांत कटकारस्थानाच्या ज्या कथा रंगवल्या गेल्या होत्या, त्यांची किंमत एकटा खेळाडू मोजत होता, हे त्या क्षणी थेट प्रक्षेपणात दिसले. मुंबईचा संघ त्या हंगामात तळाला राहिला. जूनअखेरीस विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील शेवटचे षटक हार्दिकने टाकले आणि जुलैत त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला.

समालोचकाच्या तटस्थतेविषयीचा प्रश्न याहून नाजूक आहे. खेळ सोडलेले खेळाडू समालोचनाकडे वळतात, त्यांतील काही पुढे संघांचे मार्गदर्शक होतात, काही त्याच्या उलट प्रवास करतात. केदार जाधवने तर एकाच हंगामात दोन्ही बाजू पाहिल्या. २०२३ मध्ये जिओ सिनेमावरून तो आयपीएलचे मराठी समालोचन करत होता. बंगळूरचा डेव्हिड विली जायबंदी झाला आणि त्याच्या जागी एक कोटी रुपयांना केदारला करारबद्ध केल्याची घोषणा १ मे रोजी, नेमकी महाराष्ट्र दिनी, झाली. हा प्रकार अदलाबदलीचा नसून बदली खेळाडूचा होता. त्यात गैर काहीच नव्हते. मात्र सकाळी ज्या संघाविषयी मत द्यायचे, त्याच संघाचा दूरध्वनी संध्याकाळी येऊ शकतो, एवढे यातून दिसते. समालोचकाचे पूर्वीचे आणि सध्याचे करार कोणाशी आहेत, हे श्रोत्याला ठाऊक असावे अशी अपेक्षा म्हणूनच वावगी नाही. केदार स्वतः दिल्ली, कोची, बंगळूर, चेन्नई आणि हैदराबाद अशा पाच संघांतून फिरलेला असल्यामुळे बदलीच्या विषयावर त्याच्याइतक्या अधिकाराने बोलणारे मराठीत थोडेच आढळतील.

गोव्यात हा विषय फुटबॉलमुळे फार आधीपासून परिचयाचा आहे. लेनी रॉड्रिग्ज आणि ग्लॅन मार्टिन्स या दोन गोमंतकीय मध्यरक्षकांची एफसी गोवा आणि एटीके मोहन बागान यांच्यात २०२१ मध्ये अदलाबदल झाली आणि दोन वर्षांनी तीच नेमकी उलट दिशेने झाली. क्रिकेटमधील राज्य बदलण्याची रीत वेगळी आहे. तेथे पैशांचा सौदा नसतो; जुन्या संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन खेळाडू नव्या राज्यात जातो. एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जयस्वालने मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी असा अर्ज केला आणि मुंबईने तो मान्यही केला. गोव्याचे कर्णधारपद, रणजीच्या वरच्या गटातील आशा, तरुण फलंदाजांना मिळणारा सहवास अशा चर्चांना येथे उधाण आले. मेमध्ये जयस्वालने अर्ज मागे घेतला. ही अफवा नव्हती, बातमी खरी होती. फक्त ती पुरी झालेली नव्हती. प्रमाणपत्र मिळणे आणि नव्या संघाकडून मैदानात उतरणे यांमध्ये जे अंतर असते, ते त्या दीड महिन्यात कोणी मोजले नाही.

अर्जुन तेंडुलकरने हे अंतर २०२२ मध्ये ओलांडले आणि पर्वरीच्या मैदानावर राजस्थानविरुद्ध रणजी पदार्पणातच १२० धावा केल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नाव आयपीएलच्या अदलाबदलीत आले. शार्दूल ठाकूरच्या बदल्यात अर्जुन, अशी चर्चा आधी रंगली होती. अधिकृत यादीत मात्र दोघांच्या स्वतंत्र नोंदी होत्या: शार्दूल लखनऊहून मुंबईकडे दोन कोटींना, अर्जुन मुंबईहून लखनऊकडे ३० लाखांना. लखनऊकडे गेला तरी त्या हिवाळ्यात देशांतर्गत स्पर्धांत तो गोव्याकडूनच गोलंदाजी करत होता.