भिंतींच्या पोटातील इतिहास

किल्ले पाहावेत, लेणी पाहावीत, जुन्या गोव्यातील भव्य चर्चे पाहावीत, ही आवड आपल्याकडे जुनी आहे. परंतु दुसऱ्याचे राहते घर आणि त्याभोवतीची बाग पाहण्यासाठी सुट्टीचा एक अख्खा दिवस राखून ठेवावा, ही रीत खास इंग्लंडची. अठराव्या शतकातच तेथील सुशिक्षित प्रवासी सरदार-जमीनदारांचे वाडे पाहत हिंडू लागले होते. मालक घरी नसला, तर घराची देखरेख करणारी बाई पाहुण्यांना दालने दाखवी आणि बक्षिशी घेई. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीची नायिका नायकाचा वाडा अशीच पाहते. आज या छंदाचा लोकोत्सव झाला आहे. अशा वास्तू सांभाळणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’चे सभासदच पन्नास लाखांहून अधिक आहेत. दालने पाहावीत, गुलाबांच्या वाफ्यांतून फिरावे, हिरवळीवर शिदोरी सोडावी, चहा घ्यावा आणि परतावे, असा हा निर्मळ आनंदाचा दिवस असतो.

ही दारे सर्वसामान्यांना सहजासहजी उघडली नाहीत. १८९४ साली मोठ्या मिळकतींवर भारी वारसाकर आला. पुढे दोन महायुद्धांत कित्येक घराण्यांचे वारस कामी आले आणि नोकरचाकरांचा जुना संसार परवडेनासा झाला. विसाव्या शतकात इंग्लंडमधील हजाराहून अधिक वाडे पाडले गेले. १८९५ साली स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टला १९३७ च्या कायद्याने असे वाडे स्वीकारणे सुकर झाले, म्हणून पुष्कळसे वाचले. वाचलेल्यांपैकी काहींच्या भिंतींत जो इतिहास दडला आहे, त्याचा धागा आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्यापर्यंत येतो. येथे आम्ही त्याच वास्तूंविषयी लिहीत आहोत.

एलिझाबेथ राणीच्या राज्यात, १५५९ साली, राणीला धर्मसत्तेची प्रमुख मानणारा कायदा झाला. रविवारी सरकारमान्य उपासनेस न जाणाऱ्यास बारा पेन्स दंड होता. १५८१ साली हा दंड महिना वीस पौंडांवर गेला, म्हणजे सुखवस्तू कुटुंबही धुळीस मिळावे इतका. १५८५ च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेतलेल्या कॅथलिक धर्मगुरूने इंग्लंडमध्ये नुसते असणे हा राजद्रोह ठरला आणि त्याला आसरा देणाऱ्यासही मृत्यूची शिक्षा आली. यॉर्क येथील मार्गारेट क्लिदरो या गृहिणीने १५८६ साली याच आरोपाखाली प्राण दिले. सत्याला धरून हेही सांगितले पाहिजे की, त्यापूर्वीच्या मेरी राणीच्या कॅथलिक राजवटीत सुमारे २८० प्रॉटेस्टंटांना जिवंत जाळण्यात आले होते. सदसद्विवेकावर सत्तेने हात टाकला की काय होते, याची साक्ष दोन्ही बाजूंनी मिळते.

चर्चची दारे बंद झाली, तेव्हा विश्वास घरात आला. माळ्यावर मिस्सा होऊ लागली आणि झडती आल्यास धर्मगुरूला लपवण्यासाठी भिंतींत, जिन्याखाली, धुराड्याच्या आडोशाला गुप्त जागा तयार झाल्या. या कामातील सर्वांत कुशल हात निकोलस ओवेन यांचे. ऑक्सफर्डच्या एका सुताराचा हा मुलगा पुढे येशूसंघाचा बंधू झाला. अंगाने ठेंगणा असल्याने सारे त्याला ‘लिटल जॉन’ म्हणत. दिवसा तो घरात साधी सुतारकी करताना दिसे. खरे काम मात्र रात्री, एकट्याने, दगड-विटा फोडून चाले. जागा किती, कोठे आणि कशा, हे त्याच्याशिवाय सहसा कोणास ठाऊक नसे. १६०६ च्या जानेवारीत वुस्टरशायरमधील हिंडलिप हाउस येथे तो पकडला गेला आणि लंडनच्या टॉवरमध्ये छळ सोसून मरण पावला. त्याने तोंड उघडले असते, तर इंग्लंडभरच्या कित्येक कुटुंबांचा सर्वनाश झाला असता. पोप सहावे पॉल यांनी १९७० साली इंग्लंड-वेल्सच्या चाळीस रक्तसाक्ष्यांसमवेत त्याला संतपद दिले. मार्गारेट क्लिदरो यांचे नावही त्याच यादीत आहे.

वॉरिकशायरमधील बॅडेस्ली क्लिंटन हा भोवती पाण्याचा खंदक असलेला, बैठा, दगडी वाडा. १९८० पासून तो नॅशनल ट्रस्टकडे आहे. १५९१ च्या ऑक्टोबरात ॲन व्हॉक्स आणि तिची बहीण एलेनॉर यांनी तो भाड्याने घेतला होता आणि येशूसंघीय धर्मगुरू तेथे जमले होते. एका पहाटे मिस्सेच्या वेळीच झडतीवाले दारावर येऊन थडकले. नोकरांनी त्यांना बाहेर रोखून धरले. तेवढ्यात वेदीवरील वस्तू उचलल्या गेल्या. हात लावून पाहिल्यास ऊब कळू नये, म्हणून गाद्यासुद्धा उलटवून ठेवल्या गेल्या. हेन्री गार्नेट, जॉन जेरार्ड, कवी रॉबर्ट साउथवेल असे आठ-नऊ जण जमिनीखालच्या जुन्या सांडपाण्याच्या बोगद्यात उतरले आणि सुमारे चार तास पाण्यात पाय बुडवून उभे राहिले. वर ॲनबाई झडतीवाल्यांना तोंड देत होती. रिकाम्या हाताने परतताना त्या मंडळींना पैसेही द्यावे लागले, हे जेरार्ड यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे! आज पाहुणे स्वयंपाकघरातील जमिनीत बसवलेल्या काचेतून ती जागा पाहतात आणि मग बागेकडे वळतात.

वुस्टरशायरमधील हार्विंग्टन हॉल हा वाडा १९२३ पासून बर्मिंगहॅमच्या कॅथलिक धर्मप्रांताच्या मालकीचा आहे. येथे अशा सात जागा आहेत. एका खोलीत लाकडी चौकटीतील उभा खांब दारासारखा फिरतो आणि मागे माणूस मावेल एवढी पोकळी दिसते. जिन्याच्या पायऱ्या उचलल्या की खाली आणखी एक जागा. एका लहानशा खोलीच्या भिंतींवर लाल व पांढरे थेंब रंगवलेले आहेत. प्रभूच्या कुशीतून वाहिलेल्या रक्ताचे आणि पाण्याचे हे चिन्ह समजणाऱ्याला समजे.

नॉरफकमधील ऑक्सबर्ग हॉल हा बेडिंगफील्ड घराण्याचा विटांचा वाडा पंधराव्या शतकातला. फ्रेंच धर्तीवर आखलेले त्याच्या बागेतील फुलांचे ताटवे पाहण्यास लोक लांबून येतात. त्याच वाड्यात फरशीतील झडपेखाली धर्मगुरूची लपण्याची जागा आहे. १९५१ च्या सुमारास वाडा जमीनदोस्त होण्याची वेळ आली, तेव्हा घराण्यातील स्त्रियांनी स्वतःची घरे विकून तो वाचवला आणि १९५२ साली ट्रस्टच्या स्वाधीन केला. २०२० साली छताची दुरुस्ती चालू असता माळ्यावरील धुळीतून १५६८ सालचे एक स्तोत्रांचे पुस्तक आणि पंधराव्या शतकातील हस्तलिखिताचे एक सचित्र पान निघाले. वाडा पडला असता, तर ती पाने ढिगाऱ्यातच गेली असती.

आता त्या धाग्याविषयी. याच पिढीतील विल्टशायरचा एक तरुण आपल्या थॉमस पाउंड या मित्रासह रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करणार होता. पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे तुरुंगांत गेली. तरुण एकटाच निसटला. १५७९ च्या ऑक्टोबरात तो गोव्यास पोहोचला. तेच आपले फादर थॉमस स्टीफन्स. मायदेशी राहते, तर त्यांनाही एखाद्या भिंतीच्या पोटात श्वास रोखून बसावे लागले असते. त्याऐवजी त्यांनी परक्या देशाची भाषा आपली केली आणि १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. ज्या छळाने इंग्लंडमध्ये लपण्याच्या जागा खोदवल्या, त्याच छळाच्या काळाने मराठीला तिचा एक थोर कवी दिला, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

अशा वाड्यांतून फिरताना गुलाबांचा आनंद घेणे आणि त्या अंधाऱ्या पोकळीत डोकावणे यांत विसंगती आहे, असे आम्हांस वाटत नाही. लोक बागेच्या ओढीने येतात, म्हणूनच भिंती उभ्या राहतात. आणि भिंती उभ्या आहेत, म्हणून सुताराच्या मुलाचे, घर सांभाळणाऱ्या बहिणींचे, दार अडवणाऱ्या नोकरांचे शौर्य मुलांना हाताने चाचपून पाहता येते. राजेरजवाड्यांचा इतिहास पुस्तके जपतात. सामान्यांचा इतिहास बहुधा त्यांची घरेच जपतात.

वसईत आणि गोव्यात जुनी घरे आजही पाडली जात आहेत. त्यांपैकी प्रत्येक घर राखता येणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ओसरी, देव्हाऱ्याचा कोनाडा, आजीची पेटी, माळ्यावरील कागद यांवर हातोडा पडण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांना चार प्रश्न विचारावेत, एखादे छायाचित्र काढून ठेवावे, पोथ्या-कागद रद्दीत देण्याआधी जाणत्याला दाखवावेत, एवढे तर आपल्या हाती आहे. ऑक्सबर्गच्या धुळीत साडेचार शतके एक स्तोत्रांचे पुस्तक पडून होते. आपल्या माळ्यांवर काय आहे, ते पाहण्यास आपल्याला शिडी लावावी लागेल, आणि तीही वेळेवर.