वेग, रबर, तेल आणि माणूस

मोकळ्या, रुंद, मध्ये दुभाजक असलेल्या महामार्गावर गाडी जोरात हाकणे धोक्याचे असते का? प्रश्न साधा वाटतो. 'हो' म्हणून मोकळे व्हावे असाच. पण मंडळी, इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला एक खोड जडते. कुठलेही उत्तर फार सोपे वाटले की तो मागची पाने चाळू लागतो. मीही ती चाळली, आणि जे सापडले ते तुमच्यापुढे ठेवतो आहे.

निमित्त माझ्या भाच्याचे. तो नागपूरला असतो आणि समृद्धी महामार्ग झाल्यापासून महिन्यातून एकदा तरी बायकामुलांसह नाशिकला येतो. हळू चालव रे, असे म्हटले की त्याचे उत्तर तयार असते. "मामा, हा रस्ता ताशी दीडशेसाठी बांधलाय. समोरून कोणी येत नाही, मध्ये गुरं नाहीत, सिग्नल नाही. इथे उलट हळू चालवणाराच दुसऱ्याच्या जिवावर उठतो." हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. शब्दाशब्दाने हाच वाद अमेरिकेत साठ वर्षे चालला आहे. तिथे तो संशोधकांनी घातला, संसदेने घातला आणि न्यायालयातही गेला. म्हणून आधी तिकडेच जाऊ.

अमेरिकेत १९४० साली दोन रस्ते सुरू झाले. ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक आणि वर्षअखेरीस लॉस एंजलिसचा अरोयो सेको पार्कवे. दोन्हींची कल्पना एकच. येणारी-जाणारी वाहने वेगळी, मध्ये चौक नाहीत, पादचारी नाहीत. यालाच पुढे फ्रीवे म्हणू लागले. गंमत म्हणजे अरोयो सेको आखला गेला तो ताशी ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर वेगासाठी. आज त्यावरून गाड्या त्याहून कितीतरी वेगाने धावतात, आणि त्याच्या आखूड जोडरस्त्यांवरून मुख्य प्रवाहात शिरताना नवखा चालक घामाघूम होतो. रस्ता कुठल्या वेगासाठी आखला आणि लोक कुठल्या वेगाने चालवतात, यांतली तफावत अशी पहिल्या दिवसापासूनची आहे.

१९५६ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी इंटरस्टेट महामार्गांच्या कायद्यावर सही केली आणि देशभर असे रस्ते पसरले. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. हे रस्ते सर्वांत वेगवान, तरीही कापलेल्या अंतराच्या हिशेबात सर्वांत सुरक्षित ठरले. समोरासमोर टक्कर नाही, चौकातली धडक नाही, पायी चालणारा मध्ये येत नाही. म्हणजे माझ्या भाच्याचा पहिला मुद्दा खरा. वेगापेक्षा रस्त्याची रचना जास्त जीव घेते किंवा वाचवते.

पण मग वेगाचे काय?

अमेरिकेच्या केंद्र सरकारने साऱ्या देशाचा वेग दोनदा खाली आणला, आणि ही दोन्ही प्रकरणे मोठी बोलकी आहेत. पहिले १९४२ साली. जपानने मलाया घेतला आणि रबराचा पुरवठा तुटला. टायर टिकावेत म्हणून ताशी ३५ मैलांची मर्यादा आली. तिला 'विजयाचा वेग' असे नाव दिले होते. १९४१ साली रस्त्यांवर ३८ ते ४० हजार माणसे मेली होती, १९४३ साली हा आकडा २३-२४ हजारांच्या आसपास आला. अर्थात पेट्रोलही शिधापत्रिकेवर होते, लोक प्रवासच कमी करत होते, त्यामुळे सगळे श्रेय वेगाला देता येणार नाही. युद्ध संपले, ऑगस्ट १९४५ मध्ये मर्यादा उठली.

दुसरे प्रकरण १९७३-७४ चे. अरब राष्ट्रांनी तेल रोखले, पंपांवर रांगा लागल्या. २ जानेवारी १९७४ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी कायद्यावर सही केली आणि देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा आली. हेतू पुन्हा इंधन वाचवण्याचा. पण १९७३ मध्ये रस्त्यावर सुमारे ५४ हजार माणसे गेली होती, १९७४ मध्ये ती सुमारे ४५ हजारांवर आली. एका वर्षात नऊ हजार माणसे कमी मेली! यातही कमी प्रवासाचा वाटा होताच. तरी तेलाची टंचाई सरल्यावरही मर्यादा ठेवावी असे अनेकांना वाटू लागले, ते या आकड्यामुळे.

जरा थांबून विचार करा. एवढ्या मोठ्या देशाने दोनदा पाय वर घेतला. एकदा रबरासाठी, एकदा तेलासाठी. माणसे वाचली ती जोडउत्पादन म्हणून.

मर्यादेविरुद्ध ओरड होणारच होती. पश्चिमेकडच्या मोंटाना राज्यात शेकडो मैल वस्ती नाही. तिथल्या लोकांना हा दिल्लीच्या, म्हणजे त्यांच्या वॉशिंग्टनच्या, तुघलकी कारभार वाटला. राज्याने कायदा मानला, पण दिवसा मर्यादा मोडणाऱ्याला दंड ठेवला फक्त पाच डॉलर, तोही 'साधनसंपत्तीचा अपव्यय' या सदराखाली. लोक म्हणे पाचच्या नोटा गाडीत तयारच ठेवत.

विरोधकांजवळ अभ्यासही होता. १९६४ साली डेव्हिड सॉलोमन या सरकारी संशोधकाने ग्रामीण महामार्गांवरच्या सुमारे दहा हजार अपघातग्रस्त चालकांची माहिती तपासली. त्याचा आलेख इंग्रजी 'यू' अक्षरासारखा निघाला. सरासरी वेगाच्या आसपास चालवणाऱ्यांना अपघात सर्वांत कमी, आणि फार जोरात चालवणाऱ्यांना जास्त तसेच फार हळू चालवणाऱ्यांनाही जास्त. १९८५ साली चार्ल्स लेव्ह या अर्थशास्त्रज्ञाने हाच धागा पुढे नेला. त्याचे म्हणणे, माणूस वेगाने मरत नाही, वेगांतल्या फरकाने मरतो. सगळे एकाच वेगाने गेले तर तो वेग थोडा जास्त असला तरी चालेल.

म्हणजे भाच्याचा दुसरा मुद्दाही पोकळ नाही. मात्र सॉलोमनच्या आलेखात दोन कच्चे दुवे होते. हळू चाललेल्या म्हणून मोजलेल्या गाड्यांतल्या बऱ्याच गाड्या वळत होत्या, थांबत होत्या किंवा आडरस्त्यावरून नुकत्या आत शिरत होत्या. पुढच्या अभ्यासकांनी अशा गाड्या वगळल्या तेव्हा 'यू'ची डावी बाजू बरीच सपाट झाली. उजवी बाजू मात्र राहिली. आणि दुसरे म्हणजे, अपघात झालाच तर तो किती भयंकर होतो, हे वेगाबरोबर झपाट्याने वाढते, असे खुद्द सॉलोमननेच दाखवले होते. वाद घालणारे लोक ते पान उलटून पुढे जातात.

१९८४ साली मर्यादेला दहा वर्षे झाली म्हणून एक मोठा अहवाल निघाला. त्यात अंदाज होता की १९८३ या एका वर्षात या मर्यादेमुळे दोन ते चार हजार जीव वाचले. त्याच अहवालात दुसरा आकडा होता. हळू चालवल्यामुळे लोकांचे वर्षाला सुमारे १०० कोटी तास जास्त गेले. आता हिशेब करा. १०० कोटी तास म्हणजे एक लाख चौदा हजार वर्षे. तीन हजार जिवांनी भागले तर एका वाचलेल्या जिवामागे सुमारे ३८ वर्षे लोकांनी गाडीत बसून काढली. एका माणसाचे उरलेले आयुष्य साधारण तेवढेच असते! मग हा सौदा फायद्याचा की तोट्याचा, असे काही अर्थशास्त्रज्ञ विचारत.

हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता, कारण गणितात चूक नाही. पण मी शाळेत हजेरीपट सांभाळला आहे. माझ्या हजेरीपटांतली तीन नावे पुढे रस्त्यावर पुसली गेली, तिघेही चाळिशीच्या आतले. ती अडतीस वर्षे हजारो लोकांच्या खिशातून पाच-दहा मिनिटांनी जातात. कोणी उशिरा जेवतो, कोणाचा एखादा कार्यक्रम चुकतो. ती परत मिळतात मात्र एकाच घराला, आणि सगळी एकदम. दोन्ही बाजूंना वर्षे लिहिली म्हणून ती सारखी होत नाहीत. हजेरी घेताना गैरहजर मुलाच्या नावापुढे बाकीच्यांची हजेरी भरून चालत नाही, तसेच हे.

असो. १९८७ साली ग्रामीण इंटरस्टेटवर ६५ मैलांची मुभा मिळाली, आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीने राष्ट्रीय मर्यादा पूर्ण उठली. मोंटानाने लगेच आपला जुना नियम परत आणला. दिवसा 'वाजवी आणि सावध' वेगाने चालवा, एवढेच. पुढे एका चालकाला ताशी ८५ मैलांसाठी पकडले. तो भांडला. मग वाजवी वेग किती, असे विचारल्यावर पोलिसाला आकडा सांगता येईना. डिसेंबर १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम संदिग्ध म्हणून रद्द केला, आणि १९९९ मध्ये ७५ मैलांची पाटी लागली. 'सावध' या शब्दाचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो, हे न्यायालयाला सांगावे लागले!

मर्यादा उठल्यावर रक्ताचे पाट वाहतील असे भाकीत होते. तसे झाले नाही. एकूण मृत्यू ४१-४२ हजारांच्या आसपासच राहिले. वेगवाद्यांनी टाळ्या पिटल्या. पण त्याच काळात पट्टे बांधणे वाढले, एअरबॅग आल्या, गाड्या मजबूत झाल्या. मृत्यू उतरायला हवे होते, ते उतरले नाहीत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला की १९९५ ते २००५ या काळात मर्यादा वाढल्यामुळे सुमारे साडेबारा हजार माणसे जास्त मेली. आणि मग २०२० साल आले. करोनामुळे रस्ते ओस पडले, गाड्या कमी धावल्या. तरी मृत्यू २०१९ च्या ३६ हजारांवरून ३९ हजारांवर गेले! कारणे अनेक होती, मद्य होते, न बांधलेले पट्टे होते, पण मोकळ्या रस्त्यावरचा वेग त्यांत ठळक होता. रस्ता मोकळा म्हणून निर्धास्त, या समजुतीला याहून मोठे उत्तर मला सापडले नाही.

आता तुम्ही म्हणाल, जर्मनीचे काय? तिथल्या ऑटोबानच्या बऱ्याच लांबीवर वेगाला बंधन नाही, १३० चा फक्त सल्ला आहे. तरीही किलोमीटरमागे तिथले मृत्यू अमेरिकन इंटरस्टेटपेक्षा कमीच भरतात. खरे आहे. पण तिथे परवाना मिळवणे हे एक व्रत आहे, गाडीची ठरावीक मुदतीने कसून तपासणी होते आणि चुकीच्या बाजूने ओलांडणे म्हणजे गुन्हा. शिवाय जर्मनीची तुलना जर्मनीशीच करावी. ब्रांडेनबुर्ग राज्यात ए-२४ या मार्गाच्या एका टप्प्यावर २००२ च्या अखेरीस १३० ची मर्यादा घातली, तेव्हा अपघात जवळपास निम्म्यावर आले. रस्ता तोच, चालक तेच, फक्त पाटी नवी.

थोडे विज्ञान सांगतो. तो माझा विषय नव्हे, पण शेजारच्या वर्गातून ऐकून पाठ झालेले आहे. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. समजा कोरडा रस्ता आहे, ब्रेक उत्तम आहेत आणि धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो. ताशी १०० ची गाडी सुमारे ९७ मीटरवर थांबते. तिच्या शेजारी ताशी १२० ची गाडी आहे, चालकाने त्याच क्षणी तोच अडथळा पाहिला. जिथे पहिली गाडी थांबली, तिथे दुसरीचा वेग अजून ताशी ७७ असतो. वाढवले होते फक्त वीस!

आता आपल्याकडे येऊ. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत आणि जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. आखणी १५० ची, मोटारींना परवानगी १२० ची. दीडशे हा वळणाचा, उताराचा, दिसणाऱ्या अंतराचा हिशेब आहे. चालकाचे डोळे, झिजलेला टायर आणि विदर्भातले मे महिन्याचे ऊन त्यात धरलेले नाही. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. त्याच ऑक्टोबरात वैजापूरजवळ मिनीबस ट्रकवर आदळून १२ जण गेले. या दोन्हींचे कारण वेगच होता, असे मी म्हणत नाही. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागतो, लक्ष सुटते. पण लक्ष सुटल्याची शिक्षा किती, हे वेगच ठरवतो. आणि लेव्हचा तो 'सगळे एकाच वेगाने' हा नियम इथे आणायचा तर साठ-सत्तरने चढ चढणारा भरलेला ट्रकही हिशेबात घ्यावा लागेल. त्याला १२० ने जाता येत नाही. फरक कमी करायचा तर खाली यावे लागेल ते मोटारवाल्यालाच.

तेव्हा उत्तर असे. चांगला महामार्ग साध्या रस्त्यापेक्षा सुरक्षित असतो, यात शंका नाही. पण त्याने दिलेली ही सुरक्षितता आपण वेगात खर्च करून टाकली, तर हाती काही उरत नाही. अमेरिकेला पाय वर घ्यायला एक युद्ध आणि एक तेलटंचाई लागली. आपल्याला फक्त एक छोटा भागाकार पुरेल. नागपूर ते मुंबई १२० ने गेले तर पाच तास पन्नास मिनिटे, १०० ने गेले तर सात तास. फरक एक तास दहा मिनिटांचा. तेवढ्यात वाटेत एकदा उतरून टायर बघावेत, तोंडावर पाणी मारावे, चहा घ्यावा, आणि घरी सुखरूप पोचावे.