सुखाचें शास्त्र आणि मारिएन्तालचे बेकार

दुःख गेलें कीं सुख आलेंच, ही समजूत इतकी रूढ आहे कीं, ती तपासून पाहावी असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. ताप उतरला म्हणजे मनुष्य बरा झाला, कर्ज फिटलें म्हणजे तो निश्चिंत झाला, असें व्यवहारांत म्हटलें जातें. मानसशास्त्रानेंहि पुष्कळ काळ हाच हिशेब धरिला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत सैनिकांच्या मनोविकारांवर उपचार करण्याची निकड उत्पन्न झाली, सरकारी द्रव्य त्या कामीं लागलें, आणि मनाचें शास्त्र म्हणजे मनाच्या रोगांचें शास्त्र, हें समीकरण दृढ झालें. निरोगी मन कसें असतें, या प्रश्नाकडे वळणारे विद्वान् थोडे होते. त्या थोड्यांत मारी याहोदा यांची गणना होते. आणि त्यांना या प्रश्नाची पहिली ओळख झाली ती एका बेकार गांवांत.

याहोदाबाईंचा जन्म १९०७ सालीं व्हिएन्ना येथें झाला. १९३० च्या सुमारास त्यांचे सहकारी पॉल लाझार्सफेल्ड यांच्या मनांत कामगारांच्या फुरसतीच्या वेळेचा अभ्यास करावयाचें होतें. समाजवादी पुढारी ऑटो बाउअर यांना ही कल्पना विपरीत वाटली. देशांत बेकारी माजली असतां फुरसतीचा अभ्यास कसला, त्यापेक्षां बेकारांचाच करावा, असा त्यांचा सल्ला पडला. त्याप्रमाणें व्हिएन्नाच्या आग्नेयेस असलेलें मारिएन्ताल हें गांव निवडण्यांत आलें.

हें गांव एका कापडगिरणीभोंवतीं वसलेलें होतें. १९२९ सालीं गिरणीचे विभाग एकामागून एक बंद पडले, आणि १९३० च्या आरंभीं उरलेंसुरलें कामहि थांबलें. गांवांतील ४७८ कुटुंबांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश कुटुंबांत नियमित काम असलेलें एकहि माणूस उरलें नाहीं. १९३१ च्या अखेरीस याहोदा, लाझार्सफेल्ड, हान्स त्साइझेल व त्यांचे सोबती तेथें गेले. नुसतें पाहुणे म्हणून हिंडावयाचें नाहीं, असा त्यांचा दंडक होता. त्यांनीं कपडे वाटले, वैद्यकीय तपासणीची सोय केली, शिवणकामाचे वर्ग चालविले, आणि हें करितां करितां गांवाचें जीवन टिपून घेतलें.

उपाशी मनुष्य बंड करून उठेल, अशी पुष्कळांची अटकळ होती. दिसलें तें निराळेंच. वेळ मुबलक झाला होता. तरी १९२९ ते १९३१ या काळांत कामगारांच्या वाचनालयांतून जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली, आणि तीहि वर्गणी माफ झालेली असतां! राजकारणाच्या वर्तमानपत्रांचे वाचकहि घटले. संशोधक आडोशाला बसून रस्त्यावरून जाणारांची चाल घड्याळ लावून मोजीत. पुरुष वारंवार थांबत, रेंगाळत. बायका त्यांच्याहून झपाट्यानें चालत, कारण स्वयंपाक, धुणें, मुलेंबाळें हीं कामें त्यांची वाट पाहत असत. बहुतेक पुरुषांच्या जवळ घड्याळहि नसे. दिवस कसा घालविला, हें लिहून देण्यास सांगितलें, तर सकाळीं उठणें, दुपारचें जेवण व रात्रीं निजणें यांपलीकडे त्यांना फारसें कांहीं आठवेना. अशा गांवाला संशोधकांनीं ‘थकलेला समाज’ असें नांव दिलें.

हा वृत्तांत १९३३ सालीं लाइप्झिग येथें ग्रंथरूपानें निघाला. त्याच वर्षीं हिटलर सत्तेवर आला होता, आणि लेखक ज्यू असल्यामुळें मुखपृष्ठावर त्यांचीं नांवें घालण्यांत आलीं नाहींत. पुढें १९३६ सालीं ऑस्ट्रियाच्या हुकूमशाही सरकारनें याहोदाबाईंना गुप्त समाजवादी चळवळीबद्दल तुरुंगांत टाकिलें, आणि देश सोडून जाण्याच्या अटीवर १९३७ मध्यें मुक्त केलें. त्या इंग्लंडांत गेल्या व १९४५ सालीं अमेरिकेस पोंचल्या.

तेथें १९५८ सालीं त्यांचा मानसिक आरोग्याविषयींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रोगाचा अभाव म्हणजे आरोग्य नव्हे, हें त्याचें मुख्य प्रतिपादन. स्वतःविषयीं यथार्थ भावना, अंगच्या गुणांचा विकास, मनाची एकसूत्रता, स्वतंत्र निर्णयशक्ति, वस्तुस्थितीचें खरें आकलन आणि परिस्थितीवर ताबा, असे सहा निकष त्यांनीं मांडिले. त्याआधीं १९५४ मध्यें अब्राहम मॅस्लो यांनींहि आपल्या ग्रंथांत ‘सकारात्मक मानसशास्त्र’ हा शब्दप्रयोग केला होता. परंतु त्या नांवाची चळवळ उभी राहिली ती १९९८ नंतर, मार्टिन सेलिग्मन हे अमेरिकन मानसशास्त्र संघाचे अध्यक्ष झाले तेव्हां. ज्यांनीं १९६७ सालीं कुत्र्यांवरील प्रयोगांतून असाहाय्यता ही शिकली जाते असें दाखविलें, तेच सेलिग्मन आतां आशाहि शिकतां येते काय, हें विचारूं लागले. २००० सालीं त्यांनीं मिहाय चिक्सेंटमिहाय यांच्यासमवेत या शास्त्राची दिशा आंखून देणारा लेख लिहिला.

या शास्त्राचा प्रसार जगभर झाला, तसे त्याचे टीकाकारहि निघाले. सुख हें सर्वस्वीं मनाच्या वळणावर आहे असें ठरलें, तर ज्याची गिरणी बंद पडली त्याच्या दुःखाचा दोषहि त्याच्याच माथीं येतो, हा त्यांचा आक्षेप. याचें उत्तर याहोदाबाईंच्याच लेखनांत सांपडतें. १९८२ च्या ग्रंथांत त्यांनीं दाखवून दिलें कीं, नोकरी पगाराशिवाय आणखी पांच गोष्टी देते: दिवसाला घडी, घराबाहेरील माणसांचा सहवास, सामायिक उद्दिष्ट, समाजांत स्थान आणि नित्याचा उद्योग. मारिएन्तालच्या पुरुषांच्या हातून पगाराबरोबर या पांचहि गोष्टी निसटल्या होत्या. त्यांची चाल मंदावली ती त्यामुळें. मनाला चांगलें वळण लावणें हें शहाणपणाचें खरें. परंतु मनुष्याला रोज सकाळीं कोठें तरी जावयाचें असावें आणि तेथें कोणी तरी त्याची वाट पाहत असावें, ही तजवीज एकट्या मनाला करितां येत नाहीं. ती समाजानें करावी लागते.