इन्सुलिन किती घ्यायचं?

इन्सुलिनचा शोध १९२१ साली टोरांटोत लागला, हे बहुतेकांना माहीत असतं. मला मात्र त्यानंतरच्या एका साध्या प्रश्नाचा इतिहास जास्त मोलाचा वाटतो. औषध तर हाती आलं, पण टोचायचं किती? फॅमिली डॉक्टर म्हणून मी हा प्रश्न हजारदा ऐकला आहे.

११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. साखर थोडीशी उतरली आणि टोचल्या जागी गळू झालं. मग कॉलिप यांनी अर्क शुद्ध केला आणि २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शनं सुरू झाली. या वेळी गुण आला. पण दर वेळी तयार होणाऱ्या अर्काची ताकद वेगळी असे, त्यामुळे नुसते थेंब मोजून भागेना. उपाशी सशाची साखर ठरावीक पातळीपर्यंत उतरवणारी मात्रा म्हणजे एक युनिट, असं माप सुरुवातीला धरलं गेलं. आज आपण सहज 'वीस युनिट' म्हणतो, त्याच्या मुळाशी तो बिचारा ससा आहे!

ससा झाला, माणसाचं काय? बोस्टनच्या डॉ. जॉस्लिन यांनी रुग्णालाच शिकवायचं ठरवलं. इंजेक्शन त्यानं स्वतः घ्यावं, लघवी स्वतः तपासावी. आपल्याकडेही कित्येक घरांत ती बेनेडिक्टची परीक्षानळी असे. पाच मिलीलिटर निळं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब आणि खाली स्पिरिटचा दिवा. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी होत विटकरी झाला तर घरात चिंता. शेजारी काचेची सिरिंज उकळत असायची. पण ही तपासणी अपुरी होती. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. साखर फार खाली गेली, तर नळी निळीच! त्यामुळे मात्रा वाढवताना डॉक्टरचा हात बिचकायचा. 'इन्सुलिन म्हणजे शेवटचा उपाय' हा समज पसरायला, माझ्या मते, या भीतीचाही हातभार लागला.

पुढे घरी रक्त तपासणारी यंत्रं आली आणि चित्र पालटलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या ७५६ रुग्णांना, गोळ्या चालू ठेवून, झोपताना दहा युनिटांनी सुरुवात करून दिली होती. सकाळची उपाशीपोटीची साखर पाहून दर आठवड्याला मात्रा थोडी वाढवायची, एवढाच नियम. चोवीस आठवड्यांत सुमारे साठ टक्के लोकांचं एचबीएवनसी सातपर्यंत आलं. म्हणजे दहा हा आकडा नुसता उंबरठा. आपल्याकडे कित्येक जण वर्षानुवर्षं त्या दहावरच थांबतात आणि 'इन्सुलिन लागू पडत नाही' म्हणतात. साखरेची वही घेऊन डॉक्टरांकडे जा. मात्रा तिथे ठरते. घाम, थरथर, भोवळ जाणवली तर लगेच साखर खा आणि तेही वहीत लिहा.

आणखी एक गोष्ट. आपल्या बाजारात ४० आणि १०० अशा दोन ताकदींचं इन्सुलिन मिळतं. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळलाच पाहिजे. १०० ताकदीचं इन्सुलिन ४०च्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत भरलं, तर वीसऐवजी पन्नास युनिटं शरीरात जातात. दुकानातून बाहेर पडण्याआधी दोन्ही आकडे वाचून घ्या.