गोसाव्याची पेढी ते ग्रामीण बँक: मराठवाड्यात 'बँकेचा साहेब' कसा बदलला?

माहूरच्या दत्तशिखरावर दशनामी परंपरेचा मठ आहे. याच परंपरेतल्या काही गोसाव्यांच्या १९व्या शतकात हैदराबादेत सावकारी पेढ्या होत्या. मारवाडी, गुजराती सावकारांच्या बरोबरीने ते थेट निजाम सरकारला कर्ज देत. पदवी, परीक्षा असलं काही नव्हतं. पेढी गुरूकडून चेल्याकडे जायची. माहूर तेव्हा निजामाच्याच राज्यात होतं.

निजाम सरकारने १९४१ मध्ये हैदराबाद स्टेट बँक काढली. त्याआधी १९३५ मध्ये पुण्यात बँक ऑफ महाराष्ट्र स्थापन झाली होती, ती अर्थशास्त्राचे प्राध्यापक वा. गो. काळे यांच्या पुढाकाराने. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख आयसीएस अधिकारी होते. म्हणजे घराण्याची जागा शिक्षणाने घेतली. पण ते शिक्षणही तेव्हा मोजक्या घरांतच होतं.

१९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्याच वर्षी स्टेट बँकेचे अध्यक्ष झालेले राजकुमार तलवार १९४३ मध्ये इम्पीरियल बँकेत प्रोबेशनरी अधिकारी म्हणून लागले होते. खालून चढत वर जाण्याची ही वाट पुढे रुळली. अरुंधती भट्टाचार्य १९७७ मध्ये अशाच लागल्या आणि २०१३ मध्ये स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

मराठवाड्यापुरता खरा फरक पडला तो मात्र १९७६ मध्ये, नांदेडला मुख्यालय असलेल्या मराठवाडा ग्रामीण बँकेमुळे. ग्रामीण बँकांमागची कल्पना अशी, की कर्मचारी त्याच भागातले, शेतकऱ्याची भाषा बोलणारे हवेत. त्यांना पगार राज्य सरकारी कर्मचाऱ्यांइतका, म्हणजे व्यापारी बँकांपेक्षा कमी. काम तेच, पगार कमी! हा वाद लवादापर्यंत गेला आणि १९९० मध्ये समान वेतनाचा निवाडा झाला. पोरगा ग्रामीण बँकेत लागला याला खेड्यात वजन आलं, ते त्यानंतर अधिकच.

तरी वरची खुर्ची बाहेरच राहिली. ग्रामीण बँकेचा अध्यक्ष प्रायोजक बँक पाठवते, इथे ती पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र. २००९ मध्ये मराठवाडा ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. २०२५ मध्ये तीत विदर्भ-कोकणही आले, आणि मुख्यालय आज छत्रपती संभाजीनगरला आहे. भरती आता आयबीपीएसच्या परीक्षेतून होते. स्थानिक भाषेची अट मात्र कायम आहे.