भातामागचं पीक

रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या किनारी रस्त्यावरून जाणाऱ्याचे डोळे समुद्राकडे असतात. मळे उलट्या बाजूला, कातळाच्या उताराखाली. भात कापून झाल्यावर त्या मळ्यांत काय पिकतं याचा माग काढू लागलं, की आधी गाठ पडते ती तिथे न पिकणाऱ्या वाटाण्याशी.

ताटात मात्र तो हक्काने आहे. मासळी वर्ज्य असलेल्या दिवशी काळ्या वाटाण्याची उसळ किंवा सांबारं, सोबत वडे नाहीतर आंबोळ्या, हा कोकणातला ठरलेला बेत. हा काळा वाटाणा म्हणजे जांभळ्या फुलांचा जुना शेतवाटाणाच. त्याचं मूळ पश्चिम आशियात. महाराष्ट्रातही तो नवखा नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव इथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीत गहू, जव, मसुरीबरोबर वाटाण्याचेही जळके दाणे मिळाले. आजही घाटावर पुरंदरचा वाटाणा नाव राखून आहे. घाट उतरला की त्याचं चालत नाही. त्याला थंडी लागते, आणि इथे भात निघतं तेव्हा ऑक्टोबरचा उकाडा असतो. पुढे डिसेंबरातही दुपार तिशीच्या वर जाते. फुलं गळतात, शेंग भरत नाही. त्यात जांभ्याची आम्ल माती. वाटाण्याने कोकण सोडलं असं म्हणण्यापेक्षा तो इथे कधी रुजलाच नाही, असंच मला वाटतं.

भातामागची जागा धरली कुळथाने, आणि पावटा-चवळीने. यातली चवळी मूळची आफ्रिकेची, पण हजारो वर्षांपूर्वीच इथली झालेली. कुळीथ मात्र याच उपखंडाचा; दक्षिणेतल्या नवाश्मयुगीन वस्त्यांत त्याचे दाणे चार हजार वर्षांपूर्वीपासून सापडतात. इनामगावात वाटाण्याच्या शेजारी तोही होता.

पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि दिवाळीनंतर थेंब नाही. अशा ठिकाणी भातानंतरचं पीक उरलेल्या ओलीवर जगतं. म्हणून कुळथाचं भवितव्य ठरतं ते भाताच्या बियाण्यावर. हळवं भात असेल तर मळा दसऱ्याच्या आसपास मोकळा होतो. लगेच एक नांगरट, बी फोकायचं, वरून फळी फिरवायची. बाकी काम ओल आणि दव करतात. गरवं भात असेल तर ते निघेपर्यंत जमीन आवळून येते, नांगर लागत नाही. रत्नागिरीहून आऱ्याला जाताना वाटेत शिरगाव लागतं. तिथल्या भात संशोधन केंद्रातून ‘रत्नागिरी’ नावाच्या भाताच्या जाती आल्या. त्यातल्या लवकर तयार होणाऱ्या जातींनी कडधान्याला ओल मिळवून दिली, हे श्रेय सहसा कुणी देत नाही. कडधान्यांवरचं काम दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं. हे विद्यापीठ 1972 सालचं. कुळथाची ‘दापोली-1’ आणि चवळीची ‘कोकण सदाबहार’ या जाती तिथल्याच.

फुलावर आलेलं कुळथाचं रोप हलक्या हाताने उपटून बघावं. मुळांवर बाजरीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. नखाने एक फोडली आणि आत गुलाबी निघाली, तर गाठ कामाला लागलेली आहे, हवेतला नत्र जमिनीत बांधते आहे. पांढरट निघाली तर नुसती पाहुणी. पुढच्या पावसात भाताला त्याचा थोडाफार फायदा होतो. तीन-साडेतीन महिन्यांत शेंगा वाळतात. रोपं उपटून खळ्यात बडवायची, सुपाने पाखडायची. हेक्टरी पाच-सात क्विंटल म्हणजे बरं पीक. दाण्याची पिठी माणसांना, भरडा शिजवून बैलांना.

मग आज बरेच मळे भातानंतर रिकामे का दिसतात? मजुरी महाग, तरणी माणसं मुंबईला आणि जी आहेत ती हापूसच्या मागे, ही उत्तरं सगळ्यांना पाठ आहेत. मला मोठं कारण वाटतं ते गुरांचं. भात निघालं की गुरं मोकळी सोडायची, ही जुनी रीत. सगळी वाडी कुळीथ पेरत होती तेव्हा राखणही सगळ्यांची होती. आता चौघांपैकी एकाने पेरलं तर त्याला एकट्यालाच कुंपण घालावं लागतं, आणि कुंपणाचा खर्च कुळथातून निघत नाही. गुरांतून वाचलं ते रानडुकरं आणि माकडं बघतात. एक म्हातारे शेतकरी म्हणाले, “पेरायला एक माणूस पुरतो हो, राखायला गाव लागतो.”

इकडे मिसळीत आणि रगड्यात पांढरा वाटाणा आला. त्यातला बराचसा कॅनडासारख्या देशांतून बोटीने येतो. 2017 च्या नोव्हेंबरात सरकारने त्यावर 50 टक्के आयात शुल्क लावलं आणि 2023 च्या डिसेंबरात ‘पिवळा वाटाणा’ म्हणून तोच काही काळ शुल्कमुक्त करून टाकला. आऱ्यातल्या कुळीथवाल्याला यातलं काहीच थेट लागत नाही. पण स्वस्त वाटाणा दुकानात असताना गावचं कडधान्य दोन पैसे जास्त देऊन कोण घेणार?

घेणारे आहेत, ते पर्यटक. गणपतीपुळ्याच्या बाजूला कोकणी मेव्याच्या दुकानांत कोकम-फणसपोळीशेजारी कुळथाच्या पिठाच्या पिशव्या मांडलेल्या असतात, आणि खपतातही. कुळीथ सर्वाधिक पिकवणाऱ्या राज्यांत कर्नाटक आघाडीवर आहे, तेव्हा पिशवीवर ‘कोकणी’ छापलं म्हणून आतला दाणा इथल्याच मळ्यातला असेल असं नाही.