छत्तीस इंचांचा चौरस, एक्कावन्न इंचांचा कर्ण

१/ जुलै १९७१. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या पांढऱ्या भिंतींवर साठेक जुने क्विल्ट टांगले गेले. क्विल्ट म्हणजे कापडाचे तुकडे जोडून, आत कापूस वा लोकर भरून, धावदोऱ्याने शिवलेले पांघरूण. जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या संग्राहकांनी ते केवळ त्यांतील अमूर्त रचनेसाठी निवडले होते. पाहणाऱ्यांना त्यांत आधुनिक चित्रकार आठवले. आजचा धागा या रचनेच्या गणिताविषयी आहे, आणि त्या गणिताचे श्रेय कोणाला मिळाले याविषयीही.

२/ उदाहरण म्हणून पेन्सिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्याच्या आमिश स्त्रियांचा क्विल्ट घेऊ. साधेपणा हे धर्माचरण मानणारा हा समाज. त्यामुळे फुलापानांची छापील कापडे वर्ज्य. जुन्या क्विल्टसाठी मुख्यतः गडद, एकरंगी लोकरी कापड वापरले जाई. चित्र काढायचे नाही, नक्षीचे कापड घ्यायचे नाही. उरते काय? प्रमाण.

३/ त्यांची प्रसिद्ध रचना म्हणजे ‘चौरसातला हिरा’. मध्ये टोकावर उभा केलेला एक चौरस, त्याच्या चार कोपऱ्यांत चार त्रिकोण, भोवती रुंद काठ. हिऱ्याचे क्षेत्रफळ त्याला वेढणाऱ्या चौरसाच्या नेमके निम्मे. पटत नसेल तर चौकोनी कागदाचे चारही कोपरे मध्यबिंदूपर्यंत दुमडून पाहा. दुमडलेले चार त्रिकोण खालचा चौरस पूर्ण झाकतात.

४/ क्षेत्रफळ निम्मे, पण बाजू निम्मी नव्हे. इथेच अडचण सुरू होते. हिऱ्याची बाजू ३६ इंच असेल, तर बाहेरच्या चौरसाची बाजू ही त्या हिऱ्याच्या कर्णाइतकी, म्हणजे ३६ गुणिले २ चे वर्गमूळ. ही संख्या कोणत्याही टेपवर छापलेली नसते. कितीही बारीक भाग पाडले तरी ती नेमकी हाती लागत नाही.

५/ शुल्बसूत्रांपुढे हाच प्रश्न यज्ञवेदीच्या मापांतून आला होता: दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस दोरीने कसा आखावा? त्या चौरसाच्या बाजूला ‘द्विकरणी’ म्हणतात. बौधायनाची (साधारणतः इ.स.पू. ८०० ते ५००) रीत अशी: मूळ मापात त्याचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि या शेवटच्या भागाचा चौतिसावा अंश वजा करा.

६/ आपल्या हिऱ्यावर ही रीत लावू. ३६ चा तिसरा भाग १२. त्याचा चौथा भाग ३. बेरीज ५१. आता ३ चा चौतिसावा अंश वजा केला की ५०.९१२. आजचे गणकयंत्र हेच उत्तर देते. फरक चौथ्या दशांश स्थळी पडतो. शिवणाऱ्या हाताला मात्र ५१ पुरेसे आहेत. चूक इंचाच्या दहाव्या भागाहूनही कमी!

७/ इथे एक सावधगिरी. आमिश स्त्रियांनी बौधायन वाचला होता, असा निष्कर्ष कृपया कोणी काढू नये. (असे फॉरवर्ड फिरायला वेळ लागत नाही.) दोघांसमोर एकच भूमिती होती, एवढेच.

८/ मग उरलेली चूक जाते कुठे? ५१ इंचांच्या चौरसातल्या कोपऱ्याच्या त्रिकोणाच्या काटकोनी बाजू साडेपंचवीस इंचांच्या. त्याची तिरपी बाजू भरते ३६ इंच आणि सोळावा भाग. या त्रिकोणाच्या सरळ बाजू कापडाच्या ताण्याबाण्यावर धरल्या, की तिरपी बाजू आपोआप उरेब येते. उरेब कापड ताणते, सरकते, हे कोणताही शिंपी सांगेल. सोळावा भाग त्या लवचिकतेत जिरून जातो. मात्र हात सैल पडला तर हीच लवचिकता हिऱ्याला वाकडा करते. गणिताला वस्त्राची जोड द्यावी लागते ती अशी.

९/ शिलाईसाठी सोडायच्या मार्जिनमध्येही २ चे वर्गमूळ लपलेले आहे. चौरस कर्णावर कापून दोन त्रिकोण करायचे असतील, तर क्विल्ट शिवणारे हव्या त्या मापात ७/८ इंच मिळवून चौरस कापतात. पाव इंच मार्जिन धरल्यास काटेकोर उत्तर ०.८५४ येते, पट्टीच्या खुणेवर बसावे म्हणून ते ०.८७५ केले जाते. पाठ केलेल्या अशा नियमांमागे कोणीतरी कधीकाळी हिशेब केलेला असतो.

१०/ आता पुन्हा व्हिटनीकडे. त्या प्रदर्शनाने क्विल्टला कलेचा दर्जा दिला, असे म्हणतात. १९७३ मध्ये पॅट्रिशिया मैनार्डी यांनी ‘फेमिनिस्ट आर्ट जर्नल’मधील लेखात या दृष्टीलाच आव्हान दिले. आपण कला निर्माण करतो आहोत हे या स्त्रियांना ठाऊक होते. कित्येकींनी आपल्या क्विल्टवर नाव आणि साल शिवले होते. मग ‘शोध’ लागला तो कोणाचा? प्रदर्शनाने डोळे उघडले हे खरे. पण मला मैनार्डींचा आक्षेप अधिक वजनदार वाटतो. ३६ ला ५१ जुळवणे हे अपघाताने होत नाही.

११/ १९७९ मध्ये ओहायोतील अथेन्स गावी, गाईगुरांच्या जुन्या गोठ्यात, पहिले ‘क्विल्ट नॅशनल’ भरले. नॅन्सी क्रो त्याच्या संस्थापकांपैकी एक. इथले क्विल्ट पांघरण्यासाठी नव्हतेच. ते भिंतीसाठी रचलेले होते, आणि प्रत्येकाखाली करणाऱ्याचे नाव होते.

१२/ ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी मापे: हिरा ३६, चौरस ५१, भोवती १३ इंचांचा काठ, काठाच्या चार कोपऱ्यांत १३ चे चार चौरस. एकूण ७७ इंच. आधी आलेखकागदावर आखा, मार्जिन वेगळे धरा. आणि घरात आजीने शिवलेली गोधडी असेल, तर तिचे नाव आणि साल विचारून एका चिंधीवर लिहा व ती मागच्या बाजूला टाचून ठेवा.